अंतरपाटापर्यंतचे शिक्षण

दरवर्षी जून महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या दारात एक प्रसंग हमखास घडतो. अंबड, परतूर, मंठा या बाजूच्या खेड्यांतून एखादा गृहस्थ आपल्या मुलास घेऊन प्रवेशासाठी येतो. मी मुलाकडे पाहून त्याचे नाव विचारतो. उत्तर बाप देतो. कोणता विषय घेणार म्हणून विचारतो. उत्तर पुन्हा बापच देतो. मुलगा अंगाने बापाहून हातभर उंच, मिसरूड फुटलेला. पण खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने फरशी कोरीत उभा असतो. बाप हे मोठ्या मायेने करतो यात संशय नाही. परंतु तासा-दीड तासाने बापाची एस्. टी. निघून जाते, आणि मागे जो उरतो त्यास स्वतःचे नाव चारचौघांत सांगण्याचासुद्धा सराव नसतो.

हे दृश्य पाहिले म्हणजे मला याच मुलखातल्या एका बारा वर्षांच्या मुलाची आठवण होते. तोही एके दिवशी घराबाहेर पडला. मात्र पोचवायला कोणी आले नव्हते, कारण त्याने कोणास विचारलेच नव्हते. घनसावंगी तालुक्यातील जांब गावचा हा नारायण सूर्याजीपंत ठोसर. पुढे त्याला महाराष्ट्र समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला, आणि गावासही आज ‘जांब समर्थ’ असेच म्हणतात. समर्थांच्या कार्याविषयी, त्यांच्या राजकारणाविषयी, शिवछत्रपतींशी असलेल्या त्यांच्या संबंधाविषयी इतका वाद झाला आहे की, त्यात आणखी भर घालण्याची माझी इच्छा नाही. मला पडणारा प्रश्न साधा, घरगुती आहे. बाराव्या वर्षी जो मुलगा जांबेहून गोदातीराने नाशिकपर्यंत एकटा गेला आणि पुढे कोणापुढे लाचार झाला नाही, त्याच्या पदरी घराने काय बांधून दिले होते?

या प्रश्नाचे उत्तर देताना इतिहासाच्या अभ्यासकाने आधी आपली अडचण सांगितली पाहिजे. समर्थांच्या बाळपणाविषयी आपण जे ऐकतो त्यातले बहुतेक परंपरेतून आले आहे. हनुमंतस्वामींची बखर, जिच्यावर मागील पिढ्यांतील चरित्रकारांनी फार भिस्त ठेवली, ती समर्थांच्या निर्वाणानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी सिद्ध झाली. शके १५३० च्या रामनवमीस जन्म, सातव्या वर्षाच्या सुमारास पितृवियोग, बाराव्या वर्षी विवाहमंडपातून पलायन, हा सांगाडा संप्रदायाने एकमताने जपला आहे; त्यावरचे मांस कोणी किती चढविले हे ठरविणे कठीण. तेव्हा परंपरा म्हणून जे आहे ते परंपरा म्हणूनच सांगावे, आणि त्या घराभोवतीच्या काळाकडे अधिक लक्ष द्यावे हे बरे.

तो काळ मात्र चांगला ज्ञात आहे. नारायणाचा जन्म इ. स. १६०८ चा. निजामशाहीची सूत्रे तेव्हा मलिकंबराच्या हाती होती. १६१० साली त्याने खडकी शहर वसविले, तेच पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर. उत्तरेकडून मोगलांचा रेटा दरसाल वाढत होता. १६१६ च्या आरंभी रोषणगावाजवळ मोगलांच्या फौजेने मलिकंबराचा मोठा पराभव केला आणि पाठोपाठ खडकी लुटून जाळली. हे रोषणगाव आजच्या बदनापूर तालुक्यात, जांबेपासून दोन-तीन मजलांवर. जांबेच्या घरात तेव्हा आठ वर्षांचा नारायण, अकरा वर्षांचा गंगाधर आणि नुकतीच विधवा झालेली राणूबाई, एवढी माणसे होती.

ठोसरांकडे जांबेचे कुलकर्ण होते असे परंपरा सांगते. ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. मलिकंबराने जमिनीची प्रत पाहून धारा ठरविण्याची जी पद्धत घातली, तिचा सारा भार अखेर गावच्या दप्तरावर येऊन पडत असे. कोणाचे शेत किती, पीक काय, वसूल किती आला, बाकी किती राहिली, हे कुलकर्ण्याच्या रुमालात बांधलेले असावयाचे. लष्कर निजामशाहीचे येवो की मोगलांचे, गावात शिरल्याबरोबर पहिली हाक पाटील-कुलकर्ण्यांस. अशा घरातील मुलास जग म्हणजे काय हे पुस्तकातून सांगावे लागत नाही. ते ओसरीवर येऊन बसते. बाप गेल्यावर दप्तर हाती धरणारे माणूस घरात दुसरे कोण? थोरला गंगाधर. आणि थोरला भाऊ कागद मांडून बसला असता धाकटा शेजारी बसून दौत धरतो, बोरू तासून देतो, ही आपल्याकडची शेकडो वर्षांची रीत. जांबेस असेच घडले असे छातीठोक सांगता येणार नाही. पण दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास उघडावा, म्हणजे तेथे कुलकर्ण्याच्या घरातला मुलगा बोलत आहे असे वाटल्यावाचून राहत नाही.

हा समास लेखनक्रियेचा. अध्यात्माच्या ग्रंथात हा विषय कसा आला म्हणून नवखा वाचक चकित होतो. अक्षर वाटोळे व सुटे असावे, ओळी सरळ असाव्यात, काना-मात्रा-वेलांटी जेथल्या तेथे असावी, आरंभीचे वळण शेवटच्या अक्षरापर्यंत टिकावे, कागदाच्या कडा मोकळ्या सोडाव्यात. इतकेच सांगून समर्थ थांबत नाहीत. बोरू, चाकू, शाई, वेष्टनाची वस्त्रे, पोथी ठेवण्याची पेटी, सारा सरंजाम ते मोजून दाखवितात. त्यातच एक सूचना अशी की, तारुण्याच्या नजरेच्या जोरावर अतिशय बारीक लिहू नये. म्हातारपणी ते आपल्याच उपयोगी पडत नाही. हे वाक्य मी विद्यार्थिदशेत वाचले तेव्हा हसलो होतो. आता चष्म्याचा नंबर तिसऱ्यांदा वाढल्यावर, पंचविशीत काढलेली माझी टिपणे मला भिंग घेऊन वाचावी लागतात.

समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून प्रसिद्ध असलेली वाल्मीकिरामायणाची प्रत धुळ्यास समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी आपले आयुष्य वेचून जी हस्तलिखिते मठामठांतून मिळविली, त्यांतले हे रत्न. टाकळीच्या बारा वर्षांत ही नक्कल झाली असे मानतात. तपश्चर्या, जप, पुरश्चरण यांची वर्णने आपण नेहमी ऐकतो. पण चोवीस हजार श्लोकांचे काव्य बोरूने उतरवून काढणारा हात बाराव्या वर्षी कोरा असता, तर टाकळीस त्याला हे वळण कोण लावणार होते? ते घरून आले असले पाहिजे.

माझ्या स्वतःच्या घराची गोष्ट येथे सांगतो. ती मला भूषणावह नाही. माझी कन्या पुण्यास शिकावयास गेली तेव्हा मी तिला बसस्थानकावर तासभर उपदेश केला. त्यानंतर आठ दिवसांनी तिचा दूरध्वनी आला. बँकेत पैसे भरण्याचा कागद पुढ्यात होता, आणि कोणत्या रकान्यात काय लिहावयाचे हे तिला उमजत नव्हते. वर्गात पहिली येणारी मुलगी! पण अठरा वर्षे घरातला प्रत्येक कागद मीच भरला होता. तिला शेजारी बसवून बोरू तासावयास सांगण्याची मला कधी आठवण झाली नव्हती. उपदेश मात्र मी भरपूर केला.

उपदेशाचे हेच वैगुण्य आहे. इंग्रजी वाङ्मयात पित्याने पुत्रास केलेल्या उपदेशाचा कळस म्हणजे लॉर्ड चेस्टरफील्ड यांची पत्रे. आपल्या मुलाने जगात कसे बोलावे, कसे बसावे-उठावे, कोणाशी सलगी करावी, हे सांगण्यासाठी या मुत्सद्द्याने तीस वर्षे चारशेंच्या वर पत्रे लिहिली. फळ काय मिळाले? मुलगा भिडस्तच राहिला; पार्लमेंटातील पहिल्याच भाषणात तो अडखळला. १७६८ साली तो वारला, तेव्हा बापास प्रथम कळले की चिरंजीवांनी गुपचूप लग्न केले असून त्यांस दोन मुलगे आहेत! चेस्टरफील्ड १७७३ साली निवर्तले, आणि पुढच्याच वर्षी ती सारी पत्रे प्रसिद्ध केली कोणी, तर त्याच अज्ञात सुनेने. ज्या मुलास चारशे पत्रे लिहिली त्याला एवढी एक गोष्ट बापाजवळ बोलण्याचे धैर्य झाले नाही. जॉन लॉकचा १६९३ सालचा शिक्षणविषयक ग्रंथ याहून पुष्कळ पोक्त आहे. नियम पाठ करून घेण्यापेक्षा सवय लावा, असे तो पुन्हा पुन्हा बजावतो. लॉक अविवाहित होता, एका मित्राच्या मुलासाठी त्याने हे लिहिले. समर्थही ब्रह्मचारी. मुले कशी वाढवावी हे ज्यांना मुले नव्हती त्यांनी अधिक नीट सांगावे, याचे आम्हां संसारी लोकांस वैषम्य वाटण्याचे कारण नाही; त्यांना वेळ तरी होता.

दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणे आणि उत्तमलक्षणे हे दोन समास पूर्वी घरोघर वाचले जात. त्यांची यादी करून सांगणे रूक्ष होईल. परंतु त्यांत एक विशेष आहे तो ध्यानात घ्यावा. वाट विचारल्याशिवाय चालू नये, फळ ओळखल्याशिवाय खाऊ नये, रस्त्यात पडलेली वस्तू एकदम उचलू नये, पैज लावू नये, उपकार घेऊ नये आणि घेतला तर फेडल्याशिवाय राहू नये. हे सारे चालत्या माणसाचे शहाणपण आहे, गादीवर बसलेल्याचे नव्हे. यांतला प्रत्येक विधी कोठल्या तरी फाट्यावर, कोणत्या तरी अनोळखी गावाच्या वेशीत पारखून घेतलेला दिसतो. मूर्खांच्या मालिकेत एक मूर्ख असा आहे की, ज्याला घरी सर्व उमजते पण सभेत तो लाजतो व बोलताना अडखळतो. चेस्टरफील्डच्या चिरंजीवांची आणि जूनमध्ये आमच्या फरशीवर अंगठा घाशीत उभ्या राहणाऱ्या मुलाची समर्थांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी गाठ घातली होती. फरक एवढाच की, त्या मुलाला मूर्ख म्हणण्यास माझी जीभ वळत नाही. त्याच्याऐवजी उत्तर देणारा तोंड उघडेच ठेवील तर मुलाने बोलावे केव्हा?

आता त्या अंतरपाटाकडे वळू. परंपरा सांगते की, नारायण लग्नाचे नाव काढू देईना. तेव्हा राणूबाईंनी त्यास जवळ घेऊन, अंतरपाट धरीपर्यंत नाही म्हणणार नाही, असे वचन त्याच्याकडून घेतले. एकदा पोरगे बोहल्यावर उभे राहिले म्हणजे पुढचे आपोआप होईल, हा साध्या आईचा साधा हिशेब. आसनगावास लग्न ठरले. मुलगा मुकाट्याने आला, मुकाट्याने उभा राहिला, अंतरपाट धरला गेला. आईचे वचन तेथे पुरे झाले, आणि ब्राह्मणांच्या तोंडून ‘सावधान’ निघताच तो मांडवाबाहेर पळाला. कीर्तनकार या ठिकाणी ‘सावधान’ या शब्दावर तास तास बोलतात. मला ते वचन अधिक महत्त्वाचे वाटते. दिलेला शब्द अक्षरशः पाळावयाचा, ही त्या घराची शिकवण होती. आणि ती इतकी पक्की भिनली की, आईने शब्दात जेवढी फट ठेवली होती तेवढ्यातूनच मुलगा निसटला. शिकविणाऱ्यावर उलटते ते शिक्षण वाया गेले असे मी म्हणणार नाही. राणूबाईंनी मात्र त्या रात्री काय म्हटले असेल कोण जाणे.

अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगीही उभी होती. चरित्रकारांस तिच्याविषयी फारसे सांगावेसे वाटलेले नाही. तिलाही तिच्या आईने काहीतरी शिकवून त्या पाटावर उभे केले असेल, आणि भर मांडवात समोरची जागा रिकामी दिसल्यावर त्यातले काय तिच्या कामी आले, हे विचारावयास बखरकार थांबले नाहीत.

दुसरा पुत्र गंगाधर घरीच राहिला. संप्रदाय त्यास श्रेष्ठ म्हणतो, आणि ते नाव मला फार यथार्थ वाटते. त्यानेही ग्रंथरचना केली, ‘भक्तिरहस्य’ त्याचे. परंतु आईला सांभाळणे, वतन राखणे, आणि १६३० च्या भयंकर दुष्काळातून, १६३३ साली दौलताबाद पडल्यानंतरच्या धामधुमीतून घर पार नेणे, हे काम बिनबोभाट त्याने केले. एकाच आईने, एकाच ओसरीवर, एकच धडा दोघांना दिला. एक निघून गेला, एक राहिला.

बारा वर्षे टाकळीस आणि बारा वर्षे तीर्थाटनात काढून समर्थ जांबेस परतले, असे सांगतात. म्हणजे वय छत्तिसाच्या सुमाराचे. आईची दृष्टी गेली होती. अंगणात गोसावी भिक्षा मागतो आहे म्हणून तिने सुनेस भिक्षा घालावयास सांगितले, आणि मग तिने आवाज ओळखला. पुढे तिला दृष्टी परत मिळाली असे बखर म्हणते; ती गोष्ट श्रद्धेची आहे, तिच्यात मी शिरत नाही. काही काळ तो घरी राहिला, आणि या मुक्कामात त्याने आईला कपिलगीता सांगितली, असे परंपरा म्हणते. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलाने आपली माता देवहूती हिला केलेला उपदेश तो हा. लहानपणी ज्याला पाटी पुसून अक्षर गिरवावयास बसविले, त्याच्यासमोर राणूबाई आता ऐकावयास बसली होती. ती कथा पुरी झाल्यावर तो पुन्हा निघाला. या खेपेस त्याने आईला विचारले, आणि तिने जा म्हटल्यावर मग गेला.