डोळ्यातले दुसरे भिंग: सत्तर वर्षांची परीक्षा

चेन्नईजवळच्या सिरुसेरीत संगणकावर काम करणाऱ्या एखाद्या पंचविशीतील तरुणाच्या चष्म्याचा नंबर उणे बारा असेल, तर लेसरने त्याचे पारपटल तेवढे कोरणे धोक्याचे ठरते. अशा वेळी नैसर्गिक भिंग जागीच ठेवून डोळ्यात दुसरे भिंग बसवण्याचा पर्याय पुढे येतो. हा पर्याय नवा नाही आणि त्याचा इतिहास सरळही नाही.

१९५०च्या दशकात इटलीत बेनेदेत्तो स्ट्रँपेल्ली आणि पाठोपाठ बार्सिलोनात होआकिन बाराकेर यांनी बुबुळापुढच्या पोकळीत अशी भिंगे बसवली. आरंभीचे यश डोळे दिपवणारे होते. परंतु पारपटलाच्या आतील बाजूस पेशींचा एकच थर असतो. तो पारपटलातील पाणी सतत बाहेर टाकून त्याची पारदर्शकता राखतो. यातील नष्ट झालेल्या पेशी प्रौढ माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. भिंगांच्या सान्निध्यात हा थर विरळ होत गेला. बाराकेर यांनी बसवलेल्या २३९ भिंगांपैकी निम्म्याहून अधिक पुढे काढावी लागली.

१९८०च्या दशकात हा विचार पुन्हा जागा झाला. यान वोर्स्ट यांचे भिंग बुबुळाला चिमट्याप्रमाणे धरून राहिले. मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी भिंग बुबुळामागे नेले. पारपटल सुरक्षित अंतरावर गेले, पण आता नैसर्गिक भिंग जवळ आले. दोहोंतील अंतर फार कमी राहिल्यास मोतीबिंदूचा आणि फार वाढल्यास डोळ्यातील दाब चढण्याचा धोका उरला. जपानचे किमिया शिमिझू यांच्या कल्पनेतून भिंगाच्या मध्यभागी ०.३६ मिलिमीटरचे छिद्र आले. त्यातून डोळ्यातील द्रव वाहता राहतो. अशा भिंगाला अमेरिकेत २०२२मध्ये मान्यता मिळाली.

तरीही जुना धडा संपलेला नाही. बुबुळापुढे बसणाऱ्या एका आधुनिक भिंगाचे वितरण पेशी घटल्यामुळे २०१२मध्ये थांबवावे लागले. शिवाय भिंगाने नंबर उतरतो, लांबलेले नेत्रगोल आखूड होत नाही. दृष्टिपटल सुटण्याचा धोका कायम राहतो.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पोकळीची खोली आणि पेशींची संख्या मोजणे जितके आवश्यक, तितकीच त्यानंतरची नियमित तपासणी. पंचविशीत बसवलेल्या भिंगाची सुरक्षितता पहिल्या सकाळच्या स्वच्छ दृष्टीवरून नव्हे, पुढील चाळीस वर्षांवरून ठरते.