एसीचे जास्तीचे पैसे कोण भरणार? कूलिंगसाठीचा हवामान निधी, सोप्या भाषेत

मागच्या एप्रिलमध्ये मी एसी घ्यायला गेलो होतो. शेजारी शेजारी दीड टनाचे दोन एसी, एक तीन स्टार, एक पाच स्टार. मी तिथेच फोनवर एक्सेल उघडून हिशोब केला. पाच स्टारवाला काही वर्षांत जास्तीचे पैसे वीजबिलातून परत देत होता. तरीही मी तीन स्टारच घेतला. घर भाड्याचं होतं आणि त्या महिन्यात हातात तेवढेच पैसे होते.

म्हणजे गणित बरोबर असूनही निर्णय उलटा झाला. विकसनशील देशांत कोट्यवधी घरांत हेच होतं. कूलिंगसाठीचे आंतरराष्ट्रीय निधी नेमकी हीच अडचण सोडवायचा प्रयत्न करतात. ते कसं, ते बघू.

एसी पृथ्वी कशी तापवतो?

दोन प्रकारे. पहिला म्हणजे वीज, कारण आपल्याकडे बरीचशी वीज अजून कोळशावर बनते. दुसरा म्हणजे आतला गॅस. बऱ्याच एसींमध्ये असलेला आर-४१०ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट उष्णता धरून ठेवतो. आर-३२ साठी हा आकडा ६७५ आहे, तर आर-२९०, म्हणजे प्रोपेनसाठी, जेमतेम ३.

आता हिशोब करा. एक किलो आर-४१०ए हवेत सोडला की सुमारे २.१ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. भारतात एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो उत्सर्जन धरलं, तर हे जवळपास ३००० युनिट वीज जाळण्याइतकं झालं! दुरुस्तीच्या वेळी 'जुना गॅस सोडून देतो' म्हणतात, त्याचा अर्थ हा.

पैसे कुठून येतात?

१. मल्टिलॅटरल फंड: ओझोन थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. त्याखालचा हा फंड १९९१ पासून चालू आहे. श्रीमंत देश पैसे घालतात आणि विकसनशील देशांना 'वाढीव खर्च' मिळतो. कारखान्याला जुन्या गॅसवरून नव्या गॅसवर जायला जो जादा खर्च येतो, तो. २०२४ ते २०२६ या तीन वर्षांसाठी ९६.५ कोटी डॉलर ठरले आहेत.

२०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात या करारात दुरुस्ती झाली आणि एचएफसी गॅसही कमी करायचं ठरलं. पण फंडाची रचना मुळात गॅस बदलण्यासाठी होती, वीज वाचवण्यासाठी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमतेच्या पथदर्शी प्रकल्पांसाठी २ कोटी डॉलरची वेगळी सोय झाली.

२. ग्रीन क्लायमेट फंड: २०२१ मध्ये या फंडाने जागतिक बँकेच्या कूलिंग प्रकल्पाला १५.७ कोटी डॉलर मंजूर केले. त्यात नऊ देश आहेत. बांगलादेश, श्रीलंका आणि केनिया त्यांपैकीच.

हे पैसे बहुतेक सरकार, बँका आणि कारखान्यांकडे जातात. मग दुकानात उभ्या असलेल्या माणसाचं काय?

घानाने काय केलं?

घानात युरोपातून जुने, वीजखाऊ फ्रिज मोठ्या प्रमाणावर येत होते. २०१३ पासून त्यांची आयात बंद झाली. नुसती बंदी घातली असती तर गरिबांचा स्वस्त फ्रिज गेला असता. म्हणून सोबत जुना फ्रिज जमा करा आणि नव्या कार्यक्षम फ्रिजवर सूट घ्या, अशी योजना आणली. पुढे 'इकोफ्रिजेस' योजनेत बँकेने कर्ज द्यायचं आणि हप्ता पगारातून कापायचा, अशी सोय झाली. म्हणजे पहिल्या दिवसाचा मोठा खर्च महिन्यांत विभागला गेला.

पण यात एक मोठी फट आहे. ज्याला पगारच नाही त्याचा हप्ता कापणार कशातून? टपरीवाला, मासे विकणारी मावशी, रोजंदारीवरचा कामगार या सोयीबाहेरच राहतात. उन्हाचा चटका तर त्यांनाच जास्त बसतो.

भारतात काय चाललंय?

गोदरेजने जर्मन सरकारच्या मदतीने २०१२ मध्ये आर-२९० वर चालणारा एसी बाजारात आणला. प्रोपेन पेट घेणारा असल्याने अशा मदतीतला एक भाग टेक्निशियनच्या प्रशिक्षणावर जातो, आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे. २०१७ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने एक लाख कार्यक्षम एसींची एकगठ्ठा खरेदी काढली. एलईडी बल्बसारखी, एकत्र घेतलं की भाव उतरतो. किगाली दुरुस्तीनुसार भारताला २०२८ पासून एचएफसीचा वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे.

थोडक्यात

चांगला एसी आयुष्यभराच्या हिशोबात बहुतेक वेळा स्वस्तच पडतो, पण पहिल्या दिवशी महाग असतो. कोणताही कूलिंग निधी तपासताना एकच प्रश्न विचारा: हा पैसा त्या पहिल्या दिवसापर्यंत पोहोचतो का, आणि कोणाच्या?

तुम्ही एसी घेणार असाल तर स्टारसोबत आउटडोअर युनिटच्या पट्टीवर गॅसचं नाव वाचा. आणि दुरुस्तीला आलेल्या दादांना आधीच सांगा, गॅस हवेत सोडू नका, सिलिंडरमध्ये काढून घ्या.