अमेरिकेला फराळ पाठवायचाय? ८०० डॉलरची सवलत गेल्यावर कसब्यातल्या घरगुती उद्योगांनी काय तयारी करायची

कसबा पेठेत दिवाळीचा फराळ दोन ठिकाणी जातो. एक शेजारच्या घरात, ताटावर रुमाल टाकून. दुसरा न्यू जर्सी, टेक्सास नाहीतर कॅलिफोर्नियात, खोक्याला चिकटपट्टी मारून. पुण्यातल्या मध्यवर्ती पेठांतल्या कितीतरी घरांत मुलं किंवा भाचरं अमेरिकेत आहेत. त्यांच्यासाठी चकली-चिवडा करून देणाऱ्या काकू, बचत गट आणि छोटी दुकानं यांचा वर्षाचा मोठा धंदा याच दोन महिन्यांत होतो.

२०२५ च्या दिवाळीत हे गणित बिघडलं. पोस्टाने अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं आणि दारात पार्सल आलं की पैसे भरावे लागणार, हे ग्राहकांना कळलं. तेव्हा नेमकं काय झालं, आता नियम काय आहेत आणि छोट्या खाद्य उद्योगाने तयारी कुठून सुरू करायची, हे एकेक करून बघू.

नेमकं बदललं काय?

अमेरिकेत एक जुनी सवलत होती. कमी किमतीच्या पार्सलवर आयात शुल्क लागत नसे. २०१६ पासून ही मर्यादा ८०० डॉलर होती. पाच-सहा किलो फराळाचा डबा ८०० डॉलरच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे पुण्यातून पाठवणाऱ्याला अमेरिकेच्या आयात शुल्काचा कधी विचारच करावा लागला नाही.

३० जुलै २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला आणि २९ ऑगस्टपासून ही सवलत सगळ्या देशांसाठी थांबली. चीन आणि हाँगकाँगसाठी ती मे महिन्यातच बंद झाली होती. त्याच ऑगस्टमध्ये भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५, असं मिळून ५० टक्के शुल्क लागलं. म्हणजे सवलत गेली आणि दरही वाढला, दोन्ही एकाच महिन्यात.

आता हे शुल्क गोळा कोण करणार आणि कसं भरणार, याची व्यवस्थाच तयार नव्हती. म्हणून भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. पुढे काही दिवसांत पत्रं आणि भेटवस्तूही थांबल्या. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला. फराळासाठी उशीर झाला होता.

५० टक्के हा त्या दिवाळीचा दर. त्यानंतरही दर बदलत राहिले, त्यामुळे पार्सल बुक करायच्या आठवड्यात चालू दर विचारून घ्यायचाच. पण सवलत परत येईल या आशेवर धंद्याचं नियोजन करू नका. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जो मोठा अर्थविषयक कायदा झाला, त्यात ही सवलत १ जुलै २०२७ पासून कायद्यातूनच काढून टाकायची तरतूद आहे. दर वर-खाली होतील, पण शुल्क भरावं लागणार हे धरून चाला.

एका डब्याचा हिशेब

उदाहरण घेऊ. चार किलो फराळ, किंमत ३,२०० रुपये. पूर्वी ग्राहक फराळाची किंमत आणि टपालखर्च द्यायचा, विषय संपला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पोस्टाने सेवा सुरू केली ती नव्या पद्धतीने. शुल्क इथेच, बुकिंगच्या वेळी पाठवणाऱ्याकडून घ्यायचं आणि अमेरिकेच्या कस्टम्सपर्यंत पोचवायचं. याला म्हणतात डीडीपी, म्हणजे शुल्क आधीच भरलेलं पार्सल. शुल्क लागतं ते जाहीर केलेल्या मालाच्या किमतीवर, टपालखर्चावर नाही. ५० टक्के धरले तर ३,२०० च्या डब्यावर १,६०० रुपये.

कुरिअरने पाठवलं तर त्या वस्तूचं नेहमीचं मूळ शुल्कही वर लागू शकतं आणि कंपनीचा कस्टम्स हाताळणीचा आकार वेगळा. म्हणून कुरिअरवाल्याला फक्त ‘किलोला किती?’ असं विचारून चालत नाही. शुल्क कोण भरणार, हाताळणीचा आकार किती आणि पार्सल परत आलं तर खर्च कोणाचा, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

भेट वेगळी, विक्री वेगळी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटवस्तूला शुल्कातून सूट आहे. मग सगळ्या डब्यांवर ‘गिफ्ट’ लिहून टाकलं तर?

नाही चालत. भेट म्हणजे एका व्यक्तीने स्वतःच्या मालकीची वस्तू दुसऱ्या व्यक्तीला मोबदला न घेता देणं. आईने घरी केलेला फराळ लेकीला पाठवला, तर ती भेट. डॅलसमधल्या लेकीने तुमच्या व्हॉट्सॲपवर ऑर्डर देऊन पैसे पाठवले, तर ती विक्री. खोक्यावर काहीही लिहिलं तरी ती विक्रीच राहते. एका व्यक्तीच्या नावे एकाच दिवशी येणाऱ्या भेटींची किंमत १०० डॉलरच्या आत असावी लागते, त्यामुळे मोठी ऑर्डर पाच खोक्यांत वाटून पाठवण्याची युक्तीही उपयोगाची नाही.

खोटी माहिती दिली तर माल अडकू शकतो, जप्त होऊ शकतो. नाशवंत माल आठ दिवस अडकला, की सुटूनही उपयोग नसतो. आणि ग्राहक पैसे मागणार तुमच्याकडेच.

भारतातले कागद

विक्री म्हणून पाठवायचं ठरवलं, तर आधी इकडची बाजू पक्की करा.

• आयईसी: आयात-निर्यात कोड. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतो, शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती तपासून अद्ययावत करावी लागते, काही बदललं नसलं तरी. विसरलात तर कोड निष्क्रिय होतो, आणि हे लक्षात येतं नेमकं ऑक्टोबरमध्ये.

• एफएसएसएआय: घरगुती उद्योगाकडे बहुतेक वेळा साधी नोंदणी असते. ती स्थानिक विक्रीसाठी ठीक. निर्यातदारासाठी केंद्रीय परवान्याची तरतूद आहे. तुमच्या बाबतीत काय लागतं, हे अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.

• जीएसटी: निर्यात शून्य दराची असते, पण कायद्याने तो आंतरराज्य पुरवठा मानला जातो. त्यामुळे ‘आपली उलाढाल कमी, आपल्याला नोंदणी नको’ हे स्वतःच ठरवू नका. सीएला विचारा. नोंदणी असेल तर आयजीएसटी न भरता निर्यात करण्यासाठी हमीपत्र दर आर्थिक वर्षाला द्यावं लागतं.

• एचएस कोड: प्रत्येक मालाचा कस्टम्सचा क्रमांक. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे आकडे प्रत्येक देशाचे. ‘इंडियन स्नॅक्स’ एवढंच लिहिलेलं पार्सल अडकायला आमंत्रण असतं. चकली, चिवडा, लाडू असं वेगवेगळं लिहा, प्रत्येकाचं वजन आणि किंमत द्या.

पोस्टाने पाठवणार असाल तर डाकघर निर्यात केंद्रं २०२२ पासून सुरू झाली आहेत, देशभरात एक हजाराहून जास्त आहेत. तिथे नोंदणी करून टपालाने निर्यातीचं बिल ऑनलाइन भरता येतं. कसब्यातून सिटी पोस्ट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जवळचं निर्यात केंद्र कोणतं, हे तिथे विचारून ठेवा.

अमेरिकेची एफडीए काय बघते?

ही आपल्याकडची अन्न व औषध प्रशासनाची एफडीए नाही, अमेरिकेची. नाव सारखं असल्याने अनेकांची गल्लत होते.

पहिली गोष्ट, पूर्वसूचना. अमेरिकेत खाद्यपदार्थ येण्याआधी एफडीएला ऑनलाइन कळवावं लागतं. विमानाने माल येणार असेल तर पोचण्याच्या किमान चार तास आधी आणि टपालाने पाठवणार असाल तर पार्सल टपालात देण्याआधी. घरी स्वतः बनवून वैयक्तिक भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाला यातून सूट आहे. दुकानातून विकत घेतलेला फराळ या सवलतीत बसत नाही.

दुसरी, उत्पादन केंद्राची नोंदणी. गाळा किंवा कारखाना असेल तर एफडीएकडे नोंदणी करून अमेरिकेतला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. राहतं खासगी घर असं केंद्र धरलं जात नाही, पण विक्रीच्या मालाची पूर्वसूचना तरीही द्यावी लागते. नोंदणीला एफडीए पैसे घेत नाही. तिचं नूतनीकरण सम वर्षांत १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबरला होतं, म्हणजे ऐन दिवाळीच्या गडबडीत. आणि हो, एफडीए अशा नोंदणीचं प्रमाणपत्र देत नाही. त्यामुळे कोणी ‘एफडीए सर्टिफिकेट’ हजारो रुपयांना विकत असेल, तर सावध.

तिसरी, लेबल. इंग्रजीत घटक लिहायचे आणि ॲलर्जी करणारे घटक स्पष्ट सांगायचे. अमेरिकेच्या यादीत असे नऊ घटक आहेत. आपल्या कामाचे म्हणजे दूध, गहू, शेंगदाणे, काजू-बदाम, सोया आणि तीळ. तीळ या यादीत १ जानेवारी २०२३ पासून आले. म्हणजे चकलीच्या भाजणीत टाकलेले तीळ आणि चिवड्यातले शेंगदाणे, दोन्ही लेबलवर हवेत. ‘मसाले’ असा एक शब्द लिहून तीळ त्यात लपवता येत नाहीत. हे कागदापुरतं नाही. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

कोणता पदार्थ कुठे अडतो?

अमेरिकेपलीकडे ग्राहक असतील तर पदार्थ बघून देश ठरवा.

खसखस: अनारसे थापायचे तर खसखस लागतेच, करंजीच्या सारणातही असते. पण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाची बी. दुबईच्या डब्यात अनारसे नकोत.

दुधाचे पदार्थ: युरोपीय संघ, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया भारतातल्या दुग्धजन्य पदार्थांबाबत कडक आहेत. कारण जनावरांचा लाळ्या-खुरकूत हा आजार. भारत त्यापासून मुक्त देशांमध्ये मोडत नाही. पेढे-बर्फी तर नकोच, आणि तुपातल्या लाडवांबद्दल त्या देशाच्या संकेतस्थळावर आधी बघा.

तीळ आणि मसाले: २०२० मध्ये युरोपात भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं आणि तपासण्या वाढल्या. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने याच कारणाने काही नामांकित भारतीय मसाले थांबवले. गोडा मसाला किंवा मेतकूट पाठवणार असाल तर कच्चा माल कुठून घेतला याची बिलं जपून ठेवा.

शुल्काचे नियमही सगळीकडे बदलताहेत. युरोपीय संघाने १५० युरोच्या आतल्या पार्सलमधल्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूवर १ जुलै २०२६ पासून तीन युरोचं ठरावीक शुल्क लावायचा निर्णय घेतला आहे. ब्रिटननेही १३५ पौंडांची सवलत मार्च २०२९ पर्यंत संपवायचं जाहीर केलं आहे. म्हणजे फक्त अमेरिकेचा प्रश्न म्हणून हा विषय सोडून देता येणार नाही.

दिवाळीआधीचं वेळापत्रक

• चार महिने आधी: आयईसी, परवाना, जीएसटी तपासा. कोणते देश आणि कोणते पदार्थ, याची यादी करा.

• तीन महिने आधी: पदार्थ टिकतो किती, हे करून बघा. ओल्या नारळाची करंजी नको, सुकं खोबरं वापरा. डबा बंद करून महिनाभर ठेवा, मग उघडून चव घ्या. तेल खवट झालं तर परदेशी ग्राहक गेलाच समजा.

• दोन महिने आधी: लेबलं छापा. पोस्ट आणि किमान दोन कुरिअरचे लेखी दर घ्या. एक छोटं पार्सल ओळखीच्या माणसाला खऱ्या कागदपत्रांसह पाठवून बघा.

• ऑर्डर घेताना: मालाची किंमत, पाठवणी आणि शुल्क हे तीन आकडे वेगळे लिहा. ‘शुल्काचा दर बुकिंगच्या दिवशीचा’ ही ओळ बिलावर टाका. सेवा बंद पडली तर पैसे परत की पार्सल उशिरा, हेही आधीच ठरवा.

२०२५ मध्ये ज्यांनी हे आधी ठरवलं नव्हतं, त्यांची सगळ्यात मोठी अडचण याच शेवटच्या मुद्द्यावर झाली. माल तयार, पैसे घेतलेले आणि पोस्ट बंद.

एवढे कागद चार डब्यांसाठी करायचे का? प्रामाणिक उत्तर असं, की चार डब्यांसाठी कदाचित नाही. वर्षाला दहा-वीसच पार्सलं जात असतील तर ज्याच्या नावे निर्यात परवाना आहे अशा स्थानिक निर्यातदाराला माल देणं किंवा चार-पाच जणींनी मिळून एक आयईसी वापरणारी संस्था करणं परवडू शकतं. पण दोनशे डबे जात असतील, तर हे कागद म्हणजे कढई आणि झाऱ्यासारखेच धंद्याचं भांडवल आहेत. भाजणी भाजायला घेण्याआधी ते तयार हवेत.