दाराच्या आतली बाजू

कारखान्यातून निघालेल्या ट्रकला पूर्वी दारंच नसत. जमशेदपूरहून, आणि पुढे पिंपरीहूनही, निघायची ती नुसती चासी: इंजिन, चाकं, स्टिअरिंग, पुढचा पत्रा. ड्रायव्हर डोळ्यांवर गॉगल चढवून, तोंडाला टॉवेल गुंडाळून ती उघडी चासी मैलोन्मैल चालवत आणायचे. केबिन, हौदा, सीट, दारं हे सगळं मालकानं बॉडीवाल्याकडून करून घ्यायचं. ही रीत होती म्हणून आमचं घर चाललं. कोल्हापुरात सासऱ्यांचं सुतारकाम, नवऱ्याचं पत्राकाम आणि रेक्झिनची शिलाई माझ्याकडे. दाराला आतून बसणारं पॅनल माझ्या हातचं. ट्रकवर लिहिणारे इंजिनाची ताकद लिहितात, किती टन माल बसतो ते लिहितात. ड्रायव्हरचा उजवा खांदा आणि कोपर वर्षानुवर्षं जिथं घासतं त्या जागेबद्दल कोणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

सासरे काम शिकले ते डॉज आणि फार्गो गाड्यांवर. मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात त्या तयार व्हायच्या. १९५४ साली टेल्कोनं डायमलर-बेंझशी करार केला आणि लांब नाकाच्या टाटा-मर्सिडीज आल्या. १९६९ साली करार संपला, गाडीच्या तोंडावरचा तारा गेला, तिथं ‘टी’ बसला. दारं मात्र होती तशीच राहिली. चौकट सालाची नाहीतर बाभळीची, मालक हौशी असला तर सागवानी. बाहेरून पत्रा, आतून फळ्यांच्या पट्ट्या आणि वर ऑइलपेंट. उन्हाळ्यात पत्रा तापला की ती आतली बाजूही तापायची, आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की दार लागायचं नाही. सासरे मग रंधा घेऊन कड तासायचे.

पट्ट्या जाऊन प्लायवूड आलं आणि प्लायवर रेक्झिन चढलं, तिथून माझं काम सुरू झालं. रेक्झिन मूळचं इंग्लंडचं, सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेलं. आमच्या हाती आलं ते पीव्हीसीचं. भोर इंडस्ट्रीजसारख्या इथल्याच कंपन्या ते बनवत. या कंपनीचा अबकारी करावरचा एक खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. कारखान्यातच पुढच्या मालासाठी वापरली जाणारी कच्ची पीव्हीसी फिल्म हा विकायचा माल धरायचा का, असा प्रश्न होता. १९८९ साली कोर्टानं सांगितलं, बाजारात जी विकली जात नाही तिच्यावर हा कर बसत नाही. आमच्या टेबलावर येऊन पडणाऱ्या ताग्यामागे एवढं काही घडलेलं असतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पॅनल करायचं तर आधी पुठ्ठा. दारावर पुठ्ठा धरून पेन्सिलीनं कड उतरवायची. हँडल आणि काच वरखाली करायच्या दांड्याची भोकं पाडायची. डाव्या दाराचा पुठ्ठा उलटा करून उजव्याला कधीच लावू नये. हातानं बांधलेल्या केबिनची दोन दारं सारखी नसतात. मग प्लाय कापायचं, त्यावर फोम, त्यावर रेक्झिन. रेक्झिनला अठरा नंबरची सुई आणि नायलॉनचा दोरा, आणि टाका लांब. बारीक टाके घातले की भोकांची रांग तयार होते आणि नेमकं त्याच रेघेवर ते फाटतं. कडा मागे वळवून सुलोचननं, म्हणजे रबरी डिंकानं, चिकटवायच्या, कोपऱ्यावर चुण्या नीट पाडून कापायच्या. खालच्या भागाला रेक्झिन लावायचं नाही, तिथं सनमायका आणि ॲल्युमिनिअमची पट्टी, कारण चढता-उतरता लाथा बसतात त्या तिथंच.

रंग मालक सांगायचा, बाकीचं ड्रायव्हर. मरून रेक्झिनवर पांढरं पायपिंग, चौकटीचौकटीची शिलाई, मध्ये बटणं. पण मी ड्रायव्हरला आधी सीटवर बसवायची. कोपर कुठं टेकतं ते खडूनं खूण करून घ्यायची आणि तेवढ्याच जागी फोमची जाड वळी द्यायची. उंच माणसाची खूण काचेला लागून, बुटक्याची त्याच्या बरीच खाली. कागदपत्रांचा खिसा प्रत्येकाला हवा असायचा. क्लीनरच्या बाजूचं पॅनल साधं ठेवा, असं पैसे वाचवणारा मालक म्हणायचा. ते मला पटायचं नाही. रात्रभर डाव्या दाराला टेकून झोपणारं पोर कुणाचंतरी असतं. त्या बाजूलाही मी तेवढाच फोम घालत आले.

लाकडी केबिनचं मी उगाच कौतुक करणार नाही. अपघातात ती फुटायची आणि आतल्या माणसाला तिचा काहीच आडोसा नसायचा. १९८६ साली टाटा ४०७ आली ती पोलादी केबिन घेऊनच, आणि त्याच काळात जपानी करारांतून आलेल्या कँटर, माझदासारख्या गाड्याही. मोठ्या गाड्यांना वेळ लागला. केबिन कशी असावी याचे नियम पुढे एआयएस-०९३ या संहितेत आले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. हे आधीच व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. फक्त साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या दारावर कोपराची जागा सगळ्यांना एकच असते, उंचालाही आणि बुटक्यालाही.

आता जुनी टाटा १२१० हौसेनं उभी करणारे तरुण पॅनलसाठी येतात. त्यांना मी पहिल्यांदा दाराचा तळ दाखवते. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात शिरतंच. ते खालच्या भोकांतून निघून जायला हवं. भोकं मातीनं बुजली की पाणी साठतं आणि प्लाय खालून वर कुजत जातं. म्हणून आधी भोकं मोकळी करा. पॅनलच्या मागे जाड प्लॅस्टिकचा कागद लावा आणि त्याची खालची कड दाराच्या आत सोडा. प्लाय वॉटरप्रूफ घ्या, हार्डबोर्ड नको, तो फुगतो. कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्या. रेक्झिनचा रंग शेवटी ठरवा, आणि त्याआधी गाडी चालवणाऱ्याला एकदा सीटवर बसवून खूण करून घ्या.