बुडिताचे प्रदर्शन

अक्कलकुव्यात माझे झेरॉक्सचे दुकान होते. पदवी माझ्याकडे नाही. संशोधन म्हणजे काय, हे मी त्या यंत्राच्या काचेवर कागद पालथे घालताना शिकलो. १९९० च्या दशकात देवगोईचा घाट उतरून माणसे यायची. पिशवीत सातबारा, नोटिसा, रेशनकार्ड, अर्जाच्या प्रती. कोण 'घोषित', कोण 'अघोषित', कोण खातेदार, कोण अतिक्रमणधारक हे शब्द मी शाळेत नव्हे, त्या कागदांवर वाचले.

एकदा एका गृहस्थांनी विचारले, मुलगा सज्ञान होता हे कसे दाखवायचे? निवाड्यानुसार प्रौढ मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला जाणार होता, म्हणजे वय हा जमिनीचा प्रश्न होता. जन्माची नोंद कुठेच नव्हती. "मोठा पूर आला त्या पावसाळ्यात झाला," ते म्हणाले. सप्टेंबर १९७० चा नर्मदेचा पूर साऱ्या खोऱ्याच्या आठवणीत आहे. माझ्या दृष्टीने ही जन्मतारीख पक्की होती. कार्यालयाच्या दृष्टीने ती तारीखच नव्हती. त्या संध्याकाळी मी दोनशे पानी वही घेतली आणि लोक सांगतील ते लिहू लागलो. हा लेख त्या वह्यांतून आला आहे. मात्र त्याचे निमित्त अलीकडचे आहे.

काही वर्षांपूर्वी घरच्यांबरोबर केवडियाला गेलो. अक्कलकुव्याहून सागबारा, डेडियापाडा, राजपिपळा असा रस्ता आहे. १८२ मीटरचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुला झाला. त्याचे शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, म्हणजे आपल्या खानदेशचे, याचा मला अभिमान वाटला आणि अजूनही वाटतो. पायथ्याशी प्रदर्शनाचे दालन आहे. दृकश्राव्य सादरीकरणात सरदार पटेलांचे चरित्र आणि राज्याची आदिवासी संस्कृती दाखवतात. मग लिफ्टने १५३ मीटर उंचीवरच्या सज्जात जायचे. तिथून धरणाची भिंत दिसते. भिंतीपलीकडे पाणी.

त्या सज्जात उभा असताना मला जो प्रश्न पडला तो 'राज्याची' या शब्दाचा होता. जलाशय २१४ किलोमीटर लांब आहे. त्याने बाधित झालेली गावे २४५. त्यांपैकी १९ गुजरातची, ३३ महाराष्ट्राची, उरलेली १९३ मध्य प्रदेशाची. प्रदर्शनाला राज्याची सीमा असते, पाण्याला नसते. सरोवराकाठच्या जीवनाचे दालन मांडायचे तर ते एका राज्याचे असूच शकत नाही. आणि महाराष्ट्राच्या बाजूला, आमच्या काठावर, असे एक दालन नाही.

आमची ३३ गावे अशी: २४ अक्राणी तालुक्यातली, ९ अक्कलकुव्यातली. मणिबेली, धनखेडी, बामणी, चिमलखेडी, सिंदुरी, गमन, डनेल, मुखडी, मांडवा. ही नावे मी मुद्दाम एका दमात लिहिली. मराठीत ती क्वचितच एकत्र छापली जातात.

मराठी वाचकाला हे खोरे माहीत आहे, पण वेगळ्या वाटेने. परिक्रमेच्या पुस्तकांत इथली 'शूलपाणीची झाडी' येते आणि तिच्यात यात्रेकरूंना लुटणारे 'मामा' येतात. लुटीचे प्रसंग रंगवून सांगितले जातात. त्या मामाचे गाव कोणते, तो काय पेरतो, हे कुणी विचारत नाही. मणिबेलीच्या काठावर शूलपाणेश्वराचे देऊळ होते. ते पाण्याखाली गेले आणि देवाची नवी स्थापना खाली गोऱ्याला झाली. देवाला नवा पत्ता एका फटक्यात मिळाला. गावाचे तसे झाले नाही. मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातेत परवेट्याला गेली. आमच्या इतर गावांतली अनेक कुटुंबे तळोद्याच्या जंगलजमिनीवर सोमावल, रोझवा, नर्मदानगर, रेवानगर या वसाहतींत गेली. काही वर डोंगरावर सरकली आणि तिथेच राहिली.

तारखा थोडक्यात सांगतो. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी पायाभरणी केली. १९६९ मध्ये न्यायाधिकरण नेमले गेले, १९७९ मध्ये निवाडा आला, उंची ४५५ फूट ठरली. विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राला. १९८५ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज. १९९१ पासून मणिबेलीत पावसाळ्यातले सत्याग्रह. १९९२ मध्ये मोर्स समितीचा अहवाल आणि १९९३ मध्ये बँकेची माघार. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये, अशी मागणी करणारे जाहीरनाम्याचे पत्रक निघाले. ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांच्या सह्या असलेल्या त्या पत्रकाचे नाव 'मणिबेली जाहीरनामा'. वॉशिंग्टनमध्ये ज्यांनी हे नाव वाचले, त्यांच्यापैकी कितीजणांना ते गाव अक्कलकुवा तालुक्यात आहे हे माहीत असेल? आमच्या तालुक्यातल्या शाळकरी मुलांना तरी कुठे माहीत आहे! धरणाचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोचले.

पण तारखांपेक्षा मला वाटते की या काठावर पाहण्यासारखे आहे ते नदीची माणसे सरोवराची कशी झाली हे. पूर्वी पूर ओसरला की काठावर गाळ उरायचा आणि त्या गाळपेरीच्या जमिनीत डांगर, टरबूज, भाजी निघायची. खत लागत नसे. सरोवराचे पाणी चढते-उतरते ते पावसाच्या तालावर नव्हे, दरवाजांच्या आणि वीजघरांच्या गरजेवर, त्यामुळे काठाच्या पेरणीचा भरवसा राहिला नाही. मासळीचेही तसेच. महाशीर हा वाहत्या, खळाळत्या पाण्याचा मासा. थांबलेल्या पाण्यात कटला, रोहूचे बीज सोडावे लागते. ओढ्याच्या तोंडाशी सापळा लावून मासे धरणारा माणूस शंभर फूट खोल पाण्यावर जाळे टाकायला शिकला. त्यासाठी मोठी होडी लागली, मग कर्ज, मग मासेमारीचा हक्क कुणाचा हा वाद. जलाशयातली मासेमारी विस्थापितांच्या सहकारी संस्थांकडेच असावी, ही मागणी याच वादातून आली.

दवाखाना तरंगता झाला. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी बोटीवरचे दवाखाने चालतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला केरळची गोष्ट वाटेल. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने मच्छीमाराची होडी घेतली आणि स्वतः वल्हवत मैलोगणती पाणी कापून बाळांची वजने घ्यायला, गरोदर बायकांना आहार द्यायला जाऊ लागली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर लिहिले, ते योग्यच झाले. मला मात्र त्या होडीतला तराजू पाहायचा आहे. वल्हे आणि तराजू. सरोवरजीवनाच्या दालनात मी पहिल्यांदा या दोन वस्तू ठेवीन.

उलट बाजूने एक उदाहरण. २०१९ मध्ये केवडियाला पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची तयारी म्हणून तळ्यातल्या मगरी पकडून हलवाव्या लागल्या. मगरींचेही पुनर्वसन झाले, असे माझा मित्र म्हणाला. मी हसलो नाही.

याबाबतीत इजिप्तकडे पाहण्यासारखे आहे. आस्वानच्या उंच धरणाने नुबिया बुडाला. १९६० मध्ये युनेस्कोने मोहीम सुरू केली, अबू सिंबेलची देवळे कापून वर नेली आणि जवळपास पन्नास हजार नुबियन माणसे कोम ओम्बोच्या बाजूला हलवली गेली. देवळांना सारे जग धावले. माणसांसाठीचे संग्रहालय मात्र नोव्हेंबर १९९७ मध्ये आस्वानला उघडले, तीन दशकांनंतर. त्यात नुबियन घर, लग्न, कुराणशाळा यांचे पूर्णाकृती देखावे आहेत. उशीर झाला, देखावे मेणाचे वाटतात, हे सगळे खरे. पण गेलेल्या गावांना एक जागा मिळाली. आपल्याकडे आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याचे अवशेष उचलून जलाशयातल्या बेटावर ठेवले आणि १९६६ मध्ये संग्रहालय झाले. ते प्राचीन बौद्ध अवशेषांचे आहे. पाणी चढले तेव्हा तिथे शेती करणाऱ्यांचे नव्हे.

दोन्ही ठिकाणी जुने ते मोलाचे ठरले. आमच्याकडे दगडी अवशेष थोडे. बांबूच्या तट्ट्यांची भिंत, शेणाचा लेप, कौले. असे घर पाण्याखाली एक पावसाळा टिकत नाही. म्हणून आदिवासी संस्कृती दाखवायची म्हटली की आपण नाच, मोरपिसे, दागिने दाखवतो. काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, हजारो माणसे लोटतात. तिला दालनाची गरज नाही. गरज आहे ती कागदांना.

२०१९ च्या अखेरीस, पाणी पूर्ण चढल्यावर, मी मोलगीच्या आठवडे बाजारात एक प्रयोग केला. दोरी बांधून तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो आणि कागदांच्या प्रती लावल्या, नावे काळी करून. तीसेक असतील. खाली माझ्या अक्षरात मजकूर. मिरची-आमचूर विकून झालेली माणसे थांबू लागली. ज्यांना वाचता येत होते त्यांनी मोठ्याने वाचले आणि मग सगळे मिळून माझ्या चुका काढू लागले. एका फोटोखाली मी 'नर्मदा, पावसाळ्यापूर्वी' लिहिले होते. एक म्हातारीबाई म्हणाल्या, ही नदी नाही, हा आमच्या पाड्याचा ओढा आहे, नदी खाली डावीकडे होती. दुसऱ्या फोटोतले घर मी एका गावाचे लिहिले होते. ते शेजारच्या गावाचे निघाले आणि घरमालकाचा पुतण्याच तिथे उभा होता. तिसरीकडे 'सरदार सरोवर' होते. "सरोवर म्हणजे?" एकाने विचारले. मी म्हटले, तलाव. "तलाव तर गावाचा असतो," तो म्हणाला आणि पुढच्या कागदाकडे गेला. संध्याकाळपर्यंत तीसपैकी अकरा मजकूर बदलावे लागले.

मला त्या दिवशी वाटले की असे प्रदर्शन राजधानीत भरवून भागणार नाही. दुरुस्त करणारी माणसे जिथे येतात तिथेच ते हवे.

सामग्री नाही असे नाही. नंदिनी ओझा यांनी वर्षानुवर्षे या लढ्याचा मौखिक इतिहास ध्वनिमुद्रित केला. केशव आणि केवलसिंग वसावे यांच्या मुलाखतींचे 'लढा नर्मदेचा' हे पुस्तक मराठीत आहे. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या १९९५ च्या 'अ नर्मदा डायरी' या माहितीपटात मणिबेली जिवंत दिसते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेल्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीत वाचनपाठ तयार केले. बिलगावचे पंधरा किलोवॅटचे छोटे वीजघर २००३ मध्ये गावकऱ्यांनी धबधब्यावर उभे केले आणि २००६ च्या पुरात ते गेले. त्याची कहाणी सांगणारे अजून आहेत. धरणाच्या बाजूची कागदपत्रेही ठेवावीत. मी कोणाचे दालन बंद करायला निघालेलो नाही. कच्छ-सौराष्ट्रात पोचलेले पाणी खरे आहे, त्याचा नकाशाही भिंतीवर हवा. फक्त त्याच भिंतीवर नऊ गावांची नावे हवीत आणि प्रत्येकापुढे पाणी कोणत्या वर्षी कोणत्या उंबऱ्याला लागले, ते.

दुकान आता भाच्याकडे आहे. मागच्या खोलीत माझ्या वह्या आणि ते तीस कागद आहेत. त्यांतल्या एकावर, पाण्यात अर्धे बुडालेल्या आंब्याच्या फोटोखाली, मोलगीच्या बाजारात कुणीतरी माझा मजकूर खोडून बॉलपेनने लिहिले आहे: 'हा आंबा आमचा. फळ आंबट, आमचूर चांगला.' अक्षर कुणाचे ते मी शोधतो आहे.