हिवाळ्यात कोठे जावे?

हिवाळ्याची सुटी कोठे घालवावी, हा प्रश्न आपण हौसेचा मानतो. युरोपात मात्र तो आधी रोग्याने डॉक्टरला विचारला. क्षयावर औषध नव्हते. हवा पालटा, एवढाच सल्ला होता. लंडनच्या धुक्यात खोकणाऱ्याने हवा पालटायची म्हणजे भूमध्य समुद्राचा काठ गाठायचा.

कादंबरीकार टोबायस स्मॉलेट असाच गेला. त्याची एकुलती एक मुलगी १७६३ साली वारली होती आणि स्वतःची छातीही पोखरली होती. नीस येथे त्याने हवेची टिपणे ठेवली, समुद्रात डुंबून गावकऱ्यांना चकित केले आणि १७६६ साली प्रवासवर्णन छापले. गृहस्थ मोठा तिरसट! खानावळवाल्यांपासून कोणालाच त्याने सोडले नाही; हवेची मात्र तारीफ केली.

कानची निवड तर पटकीने केली म्हणा ना. १८३४ च्या अखेरीस लॉर्ड ब्रूम आजारी मुलीला घेऊन इटलीकडे निघाले होते. नीस तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात मोडे. फ्रान्समध्ये पटकीची साथ, म्हणून वार नदीच्या सरहद्दीवर त्यांना अडवले. इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर, पण पहारेकऱ्यांना त्याचे काय! ते मागे फिरून कान नावाच्या कोळ्यांच्या गावात थांबले, तेथेच जमीन घेतली, बंगला बांधला आणि त्याला मुलीचे नाव दिले. मुलगी १८३९ साली गेली. ब्रूम हिवाळ्यामागून हिवाळे येतच राहिले आणि १८६८ साली तेथेच वारले. त्यांच्यामागून उमराव आले. १८६३-६४ मध्ये कान आणि नीसपर्यंत रेल्वे पोचल्यावर इतरांनाही वाट मोकळी झाली.

नवल असे की, त्याच सुमारास अगदी उलटा सल्लाही निघाला. १८६५ च्या फेब्रुवारीत दोन जर्मन रोगी स्वित्झर्लंडमधील दाव्होसला भर बर्फात येऊन राहिले. तेथील डॉक्टर अलेक्झांडर श्पेंगलर यांना त्या डोंगराळ भागात क्षय फारसा दिसला नव्हता. मग पांघरुणे घेऊन सज्जात तासन् तास पडून राहण्याची रीत पडली. एकीकडे ऊन, दुसरीकडे हिम. रोगी दोन्हीकडे मरत, काही दोन्हीकडे सुधारत, आणि श्रेय हवेला मिळे. आपल्या महाबळेश्वरलाही १८२८-२९ च्या सुमारास याच हवापालटाच्या विचाराने वसवले; मात्र तेथे गोऱ्यांना गारवा हवा होता.

१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधले. रोग संसर्गाचा ठरताच समुद्रकाठच्या हॉटेलांना खोकणारा पाहुणा नकोसा झाला. रोग्यांनी नावारूपाला आणलेली गावे हळूहळू धडधाकट माणसांच्या हाती गेली. नीसच्या पलीकडे मांतों येथे टेकडीवर जुनी दफनभूमी आहे. परदेशांतून हवा पालटायला आलेले कितीतरी तरुण तेथे पुरलेले आहेत. तेथून समुद्र फार सुरेख दिसतो, म्हणून सुटीवरचे प्रवासी तेथेही चढून जातात.