मुंबईत फोन हरवला तर मेल कसा उघडाल? निघण्याआधी एवढं करा

देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था असो की ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, मुलाखतीला जाणारी पोरं बहुतेक चेंबूरला पाहुण्यांकडे उतरतात. कॉल लेटर मात्र मेलवर. हार्बरच्या गर्दीत फोन गेला की पंचाईत. पासवर्ड पाठ असला तरी अनोळखी कॉम्प्युटर दिसला की गुगल खात्री करून घेतं, आणि ओटीपी जातो हरवलेल्या सिमवरच!

त्यासाठी गावातूनच तयारी हवी. गुगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी'त जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग 'बॅकअप कोड' घ्या. ८ आकडी १० कोड मिळतात, एक कोड एकदाच चालतो. ओटीपीच्या जागी हाच टाकायचा. कोड कागदावर लिहून बॅगेत ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये ठेवू नका, फोनबरोबर तेही जातील. कॉल लेटरची प्रिंट तर घरूनच घेऊन निघा.

सायबर कॅफेत इनकॉग्निटो विंडो उघडा. पण तिथं डाउनलोड केलेली पीडीएफ विंडो बंद केल्यावरही कॉम्प्युटरवर राहते. आधार, मार्कशीट असेल तर प्रिंट झाल्यावर स्वतः डिलीट करा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. साइन आउट करायचं राहिलं? दुसऱ्या फोनवरून 'सिक्युरिटी'तल्या 'युवर डिव्हायसेस'मध्ये जाऊन ते कॉम्प्युटर काढून टाका.

फोन चोरीला गेला तर कंपनीला सांगून सिम लगेच बंद करा. पोलिसांत तक्रार द्या, मग 'संचार साथी' पोर्टलवर आयएमईआय नंबर टाकून फोन ब्लॉक करता येतो. हा नंबर खोक्यावर असतो. तोही त्याच कागदावर लिहून ठेवा.